मोठा फॅमिली तंबू उभा राहत नाही? सूचनांचा कागद नसेल तर या क्रमाने तपासा

आधी लक्षणं. यातली एखादी तक्रार तुमची असेल तर पुढचं वाचा.

- पोलचं एक टोक कोपऱ्यात बसलं, दुसरं मात्र वीतभर लांबच राहतं. जोर लावला की पोल कुरकुरतो.
- तंबू उभा राहिला, पण एका अंगाला कललाय. एक कोपरा जमिनीवरून उचललेला.
- उभा करून हात सोडला की अख्खा तंबू आडवा.
- छताला झोळ पडलाय, किंवा वरचं कव्हर एका बाजूने जमिनीला टेकतंय आणि दुसऱ्या बाजूने गुडघ्यापर्यंतच येतंय.
- दाराची चेन अर्ध्यावर अडते, नाहीतर लागते आणि मागून उसवते.
- सगळं झालं असं वाटतं आणि हातात दोन पोल उरलेले असतात.
- वारा आला की एक भिंत आत दबते; सकाळी आतून पाणी ठिबकतं.

यावर लोकांचं निदान ठरलेलं: "पोल चुकीचे आलेत" किंवा "काहीतरी पार्ट हरवलाय". पवना जलाशयाच्या काठी आमच्या शेतात लोक स्वतःचे तंबू घेऊन मुक्कामाला येतात, आणि शनिवारी ऊन उतरायला लागलं की कुणीतरी हाक मारतंच. सहा, आठ, दहा माणसांचे तंबू. कुणाचा अमेरिकेतल्या भावाने येताना सामानात टाकून आणलेला, कुणाचा ऑनलाइन सेलमधला, कुणाचा ऑफिसातल्या मित्राकडून दोन दिवसांसाठी मागून घेतलेला. कागद कुणाकडेच नसतो. पार्ट मात्र बहुतेक वेळा सगळे असतात. तंबू अडतो तो वर चढवताना, पण चूक झालेली असते खाली, जमिनीवर, अगदी सुरुवातीला. म्हणून तपासणी खालून वर करायची आणि फुकटातल्या गोष्टी आधी.

पिशवी उलटी करा

तंबूची पिशवी आतून बाहेर काढून बघा. बऱ्याच कंपन्या सूचनांची चित्रं कापडाच्या पट्टीवर छापून पिशवीच्या आतल्या बाजूला शिवून टाकतात, म्हणजे ती हरवूच नयेत. लोक वेगळा कागद शोधत बसतात आणि पट्टी तिथेच असते. ती नसेल तर पिशवीच्या किंवा आतल्या भिंतीच्या शिवणीत बारीक लेबल असतं, त्यावर मॉडेलचं नाव आणि नंबर. तो टाकून कंपनीच्या साइटवर शोधलं की पानं सापडतात. हे घरून निघतानाच करा आणि फोनमध्ये उतरवून ठेवा. पवनेला काय, भंडारदऱ्याला काय, नेमकी रेंज हवी तेव्हा ती नसते.

मग सगळं सामान एका चादरीवर मांडा. थेट गवतावर ओतू नका. बारीक खुंट्या आणि पोलच्या टोकाच्या टोप्या गवतात गेल्या की गेल्या.

तंबूची जात ओळखा

हे केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण तिन्ही जातींचा उभारायचा क्रम वेगळा आहे. तीन मुख्य जाती धरून चला.

दोन-तीन लांब, वाकणारे, एकसारखे पोल असतील आणि ते माथ्यावर एकमेकांना छेद देत असतील, तर तो डोम, म्हणजे घुमट. हा स्वतःच्या पायावर उभा राहतो. खुंट्या न मारताही उचलून इकडून तिकडे नेता येतो.

लांब पोल आहेत, पण ते एकमेकांना छेदत नाहीत, कापडात एकामागोमाग समांतर कमानी होतात, तर तो टनेल, म्हणजे बोगदा. हा खुंटी आणि दोरीच्या ताणाशिवाय उभा राहतच नाही. "हात सोडला की पडतो" ही तक्रार घेऊन येणाऱ्यांचा तंबू बहुतेक वेळा हाच असतो, आणि त्यात बिघाड काहीही नसतो. मागची बाजू, जी वाऱ्याकडे असायला हवी, ती आधी खुंट्यांनी पक्की करायची. मग पुढून ओढत एकेक कमान उभी करत यायचं आणि शेवटी पुढच्या खुंट्या मारायच्या.

तिसरी जात केबिनची. सरळ लोखंडी नळ्या, दाबलं की आत जाणारी बटणं, आणि कोपऱ्याला बसणारे तीन तोंडांचे सांधे. भिंती उभ्या, आत माणूस ताठ उभा राहू शकतो. यात लोक आधी चार पाय उभे करतात आणि मग छत चढवायला स्टूल शोधतात. उलटं करायचं. पाय न लावता छताचा सांगाडा जमिनीवरच जोडायचा, कापड त्यावर अडकवायचं, मग एका बाजूचे पाय लावून ती बाजू उचलायची, नंतर दुसरी. सांध्यांवर बहुधा A, B, C अशी अक्षरं किंवा रंगीत स्टिकर असतात. धूळ पुसून बघा, दिसतील.

आता पोल वेगळे करा. लांबीप्रमाणे लावून ठेवले की जोड्या आपोआप दिसतात. पोलच्या टोकाला रंगीत टेप असेल तर तोच रंग तंबूवर कुठेतरी आहे: पोल ज्यातून जातो त्या शिवलेल्या नेफ्याच्या तोंडाशी, नाहीतर कोपऱ्याच्या पट्टीवर. रंग उडाला असेल तर तंबू जमिनीवर सपाट पसरून पोल नेफ्याशेजारी ठेवा. पोलची दोन्ही टोकं नेफ्याच्या बाहेर सारखी यायला हवीत. एकीकडे हातभर जास्त असेल तर तो पोल त्या नेफ्याचा नाही. मोठ्या तंबूत दोन लांब पोलांमध्ये दहा-पंधरा सेंटिमीटरचाच फरक असू शकतो. डोळ्याला तो कळत नाही, शेजारी ठेवले की लगेच कळतो. लांब पोल आखूड नेफ्यात गेला तर टोक कोपऱ्याच्या पिनेत बसत नाही. आखूड पोल लांब नेफ्यात गेला तर छताला झोळ. वरच्या दोन तक्रारी तिथेच मिटतात.

उरलेले दोन पोल? ते बहुधा दारापुढच्या छज्ज्याचे असतात, नाहीतर कव्हरच्या माथ्यावर आडवा बसणारा आखूड पोल असतो, ज्याने खिडकीवरचं कापड पुढे येतं. मुळातच थोडा वाकवलेला पोल दिसला तर तो याच कामाचा. तंबू त्याच्यावाचून उभा राहतो, पण पावसात खिडकीतून पाणी आत येतं, म्हणून तो गाडीत टाकून देऊ नका.

सांध्यावरून बोट फिरवा

वाकणारा पोल म्हणजे फायबरग्लासचे किंवा ॲल्युमिनियमचे तुकडे, आतून इलॅस्टिकची दोरी. झटकला की तुकडे आपोआप जुळतात, मुलांना त्याची गंमत वाटते, आणि निम्मी भांडणं इथेच सुरू होतात. आपोआप जुळलेला तुकडा पूर्ण आत गेलेलाच असतो असं नाही. एखादा सांधा अर्ध्या-एक सेंटिमीटरने उघडा राहतो. असे तीन सांधे उघडे राहिले की पोल तेवढा लांब झाला, आणि लांब झालेला पोल कोपऱ्यापर्यंत वाकवायला जास्त जोर लागतो. शिवाय तो सगळा जोर सांध्यावरच्या धातूच्या छोट्या नळीच्या काठावर येतो, जिथे तुकडा जेमतेम टेकलाय. फायबरग्लास तिथेच उभा चिरतो.

म्हणून पोल नेफ्यात घालण्यापूर्वी प्रत्येक सांध्यावरून अंगठा फिरवा. फट लागली तर दोन्ही तुकडे धरून आत दाबा, "टक" असं लागलं पाहिजे. नेफ्यात घातल्यावर पुन्हा एकदा, आता कापडावरून चिमटीत धरून. दुसरी तपासणी बहुतेक जण टाळतात, आणि सांधा सुटतो तो नेमका नेफ्यातून जाताना. पोल जोडताना कधीही हवेत फिरवू नका. शेजारी मूल उभं असतं आणि टोक त्याच्या डोळ्याच्या उंचीला येतं.

इलॅस्टिक सैल पडलंय म्हणून पोल बाद झाला असं समजू नका. इलॅस्टिकचं काम फक्त तुकडे क्रमाने धरून ठेवायचं. तंबूचा भार ते उचलत नाही. उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेल्या तंबूचं इलॅस्टिक सैल होतंच. तुकडे हाताने जुळवा, सांधे नीट बसवा, रात्र निघून जाते.

खालचा चौकोन खरंच चौकोन आहे का?

सगळ्यात जास्त तंबू इथे फसतात. माझ्या हिशेबाने बाकी सगळ्या कारणांच्या बेरजेपेक्षा जास्त.

होतं असं, की तंबू पसरल्या पसरल्या एकजण चारही कोपऱ्यांना खुंट्या मारून मोकळा होतो. कापड थोडं तिरकं पसरलेलं असतं, म्हणजे तळ आता पतंगाच्या आकाराचा. एका कर्णावरचे कोपरे जवळ आले, दुसऱ्यावरचे लांब गेले. डोमचे दोन्ही पोल कर्णांवर बसतात. त्यामुळे एका पोलला जागा कमी पडते, त्याला जास्त वाकावं लागतं. दुसऱ्याला जागा जास्त होते आणि तो ताठ राहतो. दोन्ही पोल बसले तरी माथा मधोमध येत नाही, आणि कव्हर कसंही फिरवलं तरी एका बाजूला आखूडच पडतं.

तपासायला टेप हवी, नसेल तर दोरी चालते. दोन्ही कर्ण मोजा. सारखे असले तर चौकोन बरोबर. तंबूचा तळ ३ मीटर बाय ४ मीटर असेल तर कर्ण बरोबर ५ मीटर आला पाहिजे. सोबत आलेल्या नववीतल्या पोराला हे काम द्या, पायथागोरसचा एवढा रोख उपयोग त्याला पुन्हा मिळणार नाही. दोन-चार सेंटिमीटरचा फरक चालतो. वीतभर फरक असेल तर लांब कर्णावरची एक खुंटी काढून तो कोपरा आत घ्या.

मोजण्याआधी दोन गोष्टी. एक, सगळ्या दारांच्या चेन पूर्ण लावलेल्या हव्यात. दार उघडं ठेवून खुंट्या मारल्या की दाराच्या दोन कडा हव्या त्यापेक्षा लांब जातात, आणि रात्री ती चेन जबरदस्तीने ओढावी लागते. चेन मोडायचं खरं कारण हे आहे, "स्वस्त माल" हे नंतरचं. दोन, कोपऱ्यांच्या पट्ट्या पूर्ण सैल करा. पट्टीला धातूचे दोन-तीन डोळे असतील तर पोलचं टोक आधी सगळ्यात बाहेरच्या डोळ्यात घाला. पोलला जागा मिळते. ताण नंतर द्यायचा, चारही कोपऱ्यांना सारखा.

जागा निवडताना खड्डा टाळा हे सगळे सांगतात. मी एवढंच म्हणेन की उताराची जमीनही चौकोन बिघडवते, कारण वरची बाजू ताणली जाते आणि खालची ढिली राहते. आडवे होऊन बघा. डोक्यात रक्त उतरतंय असं वाटलं तर जागा बदला.

ओढू नका, ढकला

दिवाळीनंतर एकदा पुण्याचं कुटुंब आलं होतं. मोठा डोम, दोन टोकांना दोन पुरुष, बायका-मुलं चटईवर बसून बघतायत.

"दाजी, ओढा ना तिकडून!"

"अरे ओढतोय की! तुझ्याच बाजूने काहीतरी सुटतंय."

सुटत होतंच. नेफ्यात आपण नाडी ओढून घेतो, पोल तसा ओढायचा नसतो. ओढला की सांधे एकामागोमाग उघडतात, मधला तुकडा कापडात अडकतो, आणि ओढणाऱ्याला वाटतं अजून जोर लावायला हवा. "दाजी, तुम्ही हात काढा. दादा, तुम्ही मागून ढकला, आणि दाजी, तुम्ही फक्त कापड पोलवर सरकवत घ्या." एवढंच सांगितलं. पोल सरसर पुढे आला. दाजींनी लगेच मेव्हण्याला "मी तेच सांगत होतो" असं ऐकवलं, ते सोडा.

पोल आत गेल्यावर एक टोक पिनेत किंवा डोळ्यात पक्कं करा आणि तिथे एक माणूस पाय रोवून उभा करा. दुसऱ्या टोकाच्या माणसाने पोल ढकलायचा. तिसरं कुणी असेल तर त्याने मधे उभं राहून कमान हाताने वर उचलायची. मोठा तंबू दोघांत होतो, तिघांत भांडण न होता होतो. पहिला पोल पूर्ण ताणून मग दुसरा घालण्याऐवजी सगळे पोल आधी नेफ्यातून घालून ठेवा आणि मग एकेक उभा करा. एकच पोल ताणलेला असताना तंबू वाऱ्यावर डुलतो आणि त्याच पोलवर सगळा भार येतो.

काढतानाही हेच. मधून ढकलत बाहेर काढा, आणि घडी घालताना पोल मधल्या सांध्यापासून दुमडायला घ्या, म्हणजे इलॅस्टिकवर दोन्हीकडे सारखा ताण येतो.

कव्हर कुठून कुठे?

आतला तंबू आधी की बाहेरचं कव्हर आधी, हे नेफे कुठे आहेत त्यावरून कळतं. नेफे किंवा हूक आतल्या तंबूवर असतील तर आतला आधी. कव्हरवर असतील तर कव्हर आधी उभं करायचं आणि आतली खोली नंतर बकलांनी लटकवायची. बरेचसे टनेल असेच असतात, आणि पावसात ते बरं पडतं.

कव्हर फिरवून फिरवून दमायच्या आधी दार बघा. कव्हराचं दार आतल्या दारावर आलं पाहिजे. शिवणीवर लावलेली पारदर्शक पट्टी आतल्या बाजूला हवी. कव्हराच्या आतल्या अंगाला वेलक्रोच्या किंवा नाडीच्या छोट्या गाठी असतात, त्या पोलला बांधायच्या. बहुतेकांना त्या दिसत नाहीत. वाऱ्यात कव्हर आणि पोल एकत्र राहतात ते त्यांच्यामुळेच.

खुंट्या: जमीन बघून

तंबूबरोबर येणाऱ्या तारेच्या वाकड्या खुंट्या हिरवळीसाठी असतात. आपल्याकडची जमीन तशी नसते.

मुरमाच्या जमिनीत त्या वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून ८ किंवा १० मिलिमीटरची सळई फूटभर लांबीने कापून घ्या आणि एक टोक घासून टोकदार करून घ्या. खर्च फार नाही आणि वर्षानुवर्षं टिकतात. वर आलेल्या डोक्यावर पाण्याची रिकामी बाटली उलटी घाला, रात्री अंधारात पाय फुटत नाही. काळ्या मातीत दोन वेगळ्या अडचणी आहेत. उन्हाळ्यात भेगांमुळे खुंटीला पकडच मिळत नाही, म्हणून भेग टाळून मारा. पाऊस झाल्यावर तीच माती लोण्यासारखी होते आणि खुंटी अलगद वर येते, तिथे लांब आणि रुंद लाकडी खुंटीच हवी. कोकणातल्या सड्यावर, कातळावर किंवा जांभ्यावर खुंटी मारण्याच्या फंदात पडू नका. दोरीचं टोक हातभर काठीच्या मधोमध बांधा, काठी आडवी ठेवा आणि तिच्यावर दगड रचा. समुद्रकाठच्या वाळूत पिशवी वाळूने भरून, तोंड बांधून, फूटभर खोल पुरा आणि दोरी पिशवीला बांधा. तारेची खुंटी वाळूत म्हणजे नुसतं समाधान.

खुंटी तंबूच्या उलट दिशेला डोकं कललेली हवी. उलटी कलली तर दोरी सरकून वर निघते. दोरी कोपऱ्यातून तिरकी, तंबूच्या शिवणीच्या रेषेत जाऊ द्या, म्हणजे ताण दोन्ही भिंतींना मिळतो.

वाऱ्याचं थोडं. किनाऱ्यावर दिवसा वारा समुद्राकडून येतो आणि रात्री जमिनीकडून वाहतो, म्हणून संध्याकाळी फक्त समुद्राकडच्या दोऱ्या ताणून झोपलात तर पहाटे दुसरी भिंत आत येते. दोन्हीकडच्या दोऱ्या लावा. मे महिन्यात काजवे बघायला भंडारदऱ्याकडे जाणाऱ्यांना वळवाचा पाऊस गाठतो. त्याच्या आधीचं वादळ कोणत्याही दिशेने येऊ शकतं, आणि देशावर बहुतेक वेळा ते पूर्वेकडून चढतं. अशा दिवशी सगळ्या दोऱ्या लावल्याशिवाय स्वयंपाकाला लागू नका.

नायलॉनचं कापड ओलं झालं की सैलावतं, म्हणून दव पडल्यावर झोपण्याआधी एकदा दोऱ्या ताणून घ्या. पॉलिस्टरला हा त्रास कमी. जुनी सुती राहुटी असेल तर प्रकार उलटा: सुती दोर भिजला की आखडतो, आणि इतका की खुंटी उपटतो किंवा कापड फाडतो. पाऊस दिसला की सुती दोर थोडे ढिले करायचे.

सकाळी आत पाणी: गळती की दव?

छताच्या आतल्या बाजूला हात लावा. सगळीकडे सारखे बारीक थेंब असतील आणि रात्री पाऊस नव्हता, तर ती गळती नाही. आत झोपलेल्या चार माणसांच्या श्वासातून रात्रभरात लिटरभर तरी पाणी बाहेर पडतं, ते थंड कापडावर जमतं. डिसेंबर-जानेवारीत थंडी म्हणून सगळ्या जाळ्या बंद केल्या की हे होणारच. वरची खिडकी आणि खालची जाळी थोडी उघडी ठेवा. आतला तंबू आणि कव्हर यांच्यात चार बोटं अंतर आहे ना बघा. जिथे ते चिकटतात तिथून पाणी आत झिरपतं, आणि ते चिकटतात कारण दोऱ्या ढिल्या आहेत.

पाणी जमिनीवर असेल तर खाली अंथरलेली ताडपत्री बघा. ती तंबूच्या बाहेर डोकावत असेल तर कव्हरवरून ओघळलेलं पाणी ती गोळा करते आणि थेट तुमच्या अंथरुणाखाली आणते. चारही बाजूंनी आत दुमडा. एवढं केल्यावरही शिवणीवरून एकाच रेषेत ठिबकत असेल तर मात्र खरी गळती. कोरड्या दिवशी शिवणीला सीलर, म्हणजे शिवणीची भोकं बुजवणारं द्रव, लावा, रात्रभर वाळू द्या. कव्हराच्या आतला थर चिकट झाला असेल, पापुद्रे निघत असतील आणि आंबूस वास येत असेल तर सीलरने काही होणार नाही. तो थर संपला. ओला तंबू घडी घालून माळ्यावर टाकला की हेच होतं.

मोडलेलं असेल तर

पोलला उभी चीर गेली असेल तर वापरू नका. फायबरग्लासचे तंतू बोटात घुसले की दिसत नाहीत आणि निघत नाहीत. हातमोजे किंवा जाड फडकं घ्या. एका रात्रीपुरतं चालवायचं असेल तर पोलवर जेमतेम बसेल अशी धातूची नळी चिरेवर सरकवून दोन्ही टोकांना टेप गुंडाळा. बऱ्याच तंबूंच्या पिशवीत अशी वीतभर नळी असते, लोक ती पोलचा उरलेला तुकडा समजतात. नळी नसेल तर तंबूच्या दोन खुंट्या चिरेच्या दोन्ही बाजूंना बांधून काम होतं. घरी आल्यावर तेवढाच तुकडा बदला. जाडी मोजून घ्या, ८.५ आणि ९.५ मिलिमीटरचे तुकडे हातात सारखेच वाटतात पण एकमेकांत बसत नाहीत.

चेन मागून उसवत असेल तर दात नाही, सरकणारा तुकडा झिजलेला असतो. पक्कडीने त्याच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबा. अडकत असेल तर मेणबत्ती घासा.

इथे थांबा

वर विजेची तार असेल तर तंबू तिथे उभारूच नका, विशेषतः धातूचे लांब पोल असतील तर. तार खाली लोंबत असेल तर लांब राहून महावितरणला कळवा.

ढगांचा गडगडाट ऐकू येतोय तर पोल खाली ठेवा आणि गाडीत जाऊन बसा, काचा बंद. तंबू विजेपासून वाचवत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये असू द्या, जवळपास वीज पडत असेल तर ते सावध करतं. दोन धडधाकट माणसांना कापड धरून ठेवता येत नसेल एवढा वारा असेल तरीही उभारणी थांबवा. कापड गोळा करून त्यावर बसा, वारा पडू द्या.

थंडी कितीही असो, शेगडी, निखारे, गॅस तंबूत आणू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. कुणाला डोकं जड, मळमळ असं वाटलं तर आधी सगळ्यांना बाहेर काढा आणि १०८ ला फोन करा.

दुरुस्तीचं म्हणाल तर: माथ्यावरचा प्लास्टिकचा गड्डा, ज्यात सगळे पोल एकत्र येतात, तो फुटला तर चिकटवू नका; तो ताण फेविक्विकच्या बसची गोष्ट नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मॉडेल नंबर आणि फोटो पाठवून सुटा भाग मागवा. केबिनची लोखंडी नळी दुमडली असेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडे न्या आणि शेजारची चांगली नळीही दाखवायला न्या, माप त्यावरूनच निघतं. नेफा किंवा कोपऱ्याची पट्टी उसवली असेल तर घरच्या मशीनवर न शिवता ताडपत्री शिवणाऱ्याकडे द्या, जाड सुई आणि नायलॉनचा दोरा त्याच्याकडे असतो. नव्या शिवणीला सीलर मात्र तुम्ही लावायचा. चेनचा तुकडा बॅग दुरुस्त करणारा बदलून देतो. आणि जुनी जाड कॅनव्हासची मोठी राहुटी, जिचा मधला खांबच दोघांना उचलत नाही, ती घरच्या माणसांनी उभारायची नसते. गावातल्या मांडववाल्याला बोलवा, पैसे आधी ठरवा, आणि तो कसा उभारतो त्याचा व्हिडिओ काढून ठेवा.